डूख धरणारा गाळ

माझ्या स्वभावात क्षमा नाही. आई म्हणायची हे बाबांच्या घराण्यातून आलंय, बाबा म्हणायचे आईच्या. कुठून का आलं असेना, मला ते उपयोगी पडलं. मी समुद्रतळाच्या गाळावर काम करते, आणि गाळही माझ्याच जातीचा आहे. त्याच्यावर काय पडलं आणि त्याच्यातून काय खाऊन नेलं, सगळं तो धरून बसतो. कोट्यवधी वर्षं चकार शब्द काढत नाही, आणि कोणी नळी खुपसून वर काढला की सगळं सांगून मोकळा होतो. मला तेवढं थांबावं लागलं नाही. माझं काम पंधराएक वर्षांत झालं.

आम्ही देवासचे, पण मूळचे नव्हे. बाबा साताऱ्याकडून कारखान्यात नोकरीला आले, क्वार्टर मिळाल्यावर आईला घेऊन आले, आणि मग तिथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत आणि शाळेत हिंदी. खिडकीतून दोन चिमण्या दिसायच्या आणि त्यांचा धूर कुठल्या बाजूला जातोय हे बघून आई वाळवणं घालायची. आईची धाकटी बहीण मात्र धारच्या जुन्या मराठी घरात दिलेली. त्या घरातले पूर्वज संस्थानात अंमलदार होते. आता कोणी मास्तर, कोणी वकील, आणि एका देवळाची पूजा आलटून पालटून सगळ्यांकडे. मावशीचे थोरले दीर धारच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राचे प्रमुख होते. मी मावशीकडे राहून त्यांच्या हाताखाली एम.एस्सी. करायचं ठरलं. त्यामुळे एकच माणूस मला घरी मोठे काका आणि कॉलेजात सर होता. यातलं काका हे नातं मी पुढे टाकून दिलं.

सरांचा विषय माळव्याचा काळा पाषाण. आमच्या पायाखाली सगळीकडे तोच, लाव्हा थिजून झालेला, कशालाही दाद न देणारा. त्याच्या पोकळ्यांत गारगोट्या आणि अकीक मिळतात. हे सगळं विभागाच्या कपाटांत धूळ खात पडलेलं असे, आणि कोणी मोठा माणूस येणार असला की सर बाह्या सरसावत. एका टबात पाणी, त्यात बाथरूमची फरशी धुवायचं तेजाब म्हणजे ॲसिड, आणि एकेक दगड बुडवून ब्रशानं घासायचा. काळा पाषाण आणखी काळा होई, अकीक काचेसारखा चमके. विभागात सगळे याला दगडांची दिवाळी म्हणत. काळ्या पाषाणावर हयात काढलेल्या माणसाला त्यात काही वावगं वाटायचं कारण नव्हतं, कारण तेजाबानं त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते चुनखडीचं.

आणि चुनखडी धार जिल्ह्यातच आहे. घाट उतरून गंधवानीच्या बाजूला गेलं की नाल्यांच्या काठांत काळ्या दगडाखालून पांढरा-पिवळा दगड डोकावायला लागतो. डायनोसॉर हिंडत होते त्या काळात नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्राचा एक हात इथवर आत आला होता. शिंपले, शार्कचे दात, काटे झडलेल्या गोल समुद्री प्राण्यांची टरफलं, सगळं दगडात बसलेलं. कॉलेजची जीप वर्षातून एकदा तिकडे जायची. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. देवासच्या पोरीला समुद्र पहिल्यांदा भेटला तो गंधवानीच्या पुढे एका कोरड्या नाल्यात, छातीच्या उंचीवर.

बाकीची मुलं शार्कचे दात शोधत होती. मला दोन कठीण थरांच्या मधली मऊ माती आवडली. बोटांनी चुरली की खडूसारखी पूड व्हायची. मी खालपासून वरपर्यंत थोड्या थोड्या अंतरावर ती खरवडून घेतली आणि आईनं जुन्या परकरांच्या शिवून दिलेल्या पिशव्यांत भरली. सहलीनंतर सुट्टी होती म्हणून सगळ्या पिशव्या आधी देवासला आल्या. मधल्या थराच्या पिशवीची शिवण उसवलेली होती. आई म्हणाली, ठेव, शिवून देते. मी अर्धी माती डब्यात घेतली आणि पिशवी तिच्याकडे ठेवली. नंतर ती कुठं गेली हे आम्हाला दोघींनाही सांगता आलं नाही.

धारला परत आल्यावर मी ती माती पाण्यात भिजवली, बारीक चाळणीवर हलक्या हातानं धुतली आणि वाळवली. चाळणीवर रव्यासारखं पांढरं काहीतरी उरलं. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर तो रवा नव्हता. प्रत्येक कण हा एक शंख होता, कोणी वळत वळत गेलेला, कोणी चकलीसारखा, कोणी द्राक्षाच्या घोसासारखा. फोरॅमिनिफेरा म्हणतात त्यांना. एका पेशीचा जीव, पण स्वतःपुरतं चुन्याचं घर बांधतो. मेला की घर तळाशी जातं. मी दिवसच्या दिवस ती घरं बघत आणि पेन्सिलीनं काढत बसले. इतकी सुखी मी त्यापूर्वी कधी नव्हते आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही फार वेळा झाले नाही.

त्या वर्षी समुद्रकाठच्या एका संशोधन संस्थेनं खोल समुद्राच्या गाळावर काम करायला एक जागा काढली होती. त्यांनी कळवलं होतं की प्रबंधाचे गुण आणि स्वतः तयार केलेल्या स्लाइड घेऊन या. ती जागा मला हवी होती. भूक लागल्यावर जेवण हवं असतं तशी हवी होती. सोनकच्छचं एक स्थळ आलेलं होतं आणि बाबांनी ते थोपवून धरलं होतं. ते म्हणाले, "तुझं हे होऊन गेलं तर ठीक आहे. नाही झालं, तर मग माझं ऐकायचं. बात खतम."

विद्यापीठाच्या परीक्षा नेहमीप्रमाणे लांबल्या आणि तोंडी परीक्षा दसऱ्यानंतर आली. माझ्या बश्या तयार होत्या. दर थराची एक काचेची बशी, त्यावर कागदाची चिठ्ठी, आत पांढरे शंख. ते ब्रशानं उचलून स्लाइडवर लावायचं तेवढं बाकी होतं. नवरात्रात आईला टेकडीवर देवीची ओटी भरायची होती म्हणून मी देवासला गेले आणि दसरा करून परत आले.

प्रयोगशाळेत शिरले तर आधी वासच नाकात गेला. कपाटातले दगड न्हाऊन माखून लखलखत होते. ओट्यावर माझ्या बश्या रांगेत मांडलेल्या होत्या, स्वच्छ, काचा चमकणाऱ्या. आत पांढरं काही नव्हतं. तळाला विटकरी चिखलाचा पापुद्रा आणि वाळूचे चार कण. चिठ्ठ्यांवरची शाई उडाली होती. सिमेंटचा ओटा जिथं तेजाब सांडलं होतं तिथं खडबडीत झाला होता.

मी शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "म्हारे मत पूछो, बेनजी," आणि बादली घेऊन निघून गेला.

मग मी सरांच्या खोलीत गेले. "सर, माझ्या बश्या कोणी धुतल्या?"

"मीच धुतल्या. बाहेरचे परीक्षक येताहेत, आणि तुझ्या बश्या कशा दिसत होत्या? पीठ सांडल्यासारख्या."

"कशानं धुतल्या?"

"पाण्यानं. आणखी कशानं धुणार?"

"सर, तेजाबाचा वास येतोय. तेजाबात शंख विरघळतात."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "विरघळायला आधी असावे लागतात. तुझ्या मातीत काही नव्हतंच, पोरी. दिवसभर भिंगातून बघितलं की डोळ्यांपुढे नक्षी येते. जा, तयारी कर."

मी कपाटाशी गेले. तिथं त्या गोल समुद्री प्राण्याचं टरफल ठेवलेलं होतं, विभागाचं भूषण म्हणून. पहिल्या वर्षी मी त्याच्यावरचे ठिपके मोजता येतील इतके स्पष्ट पाहिले होते. आता ते सोललेल्या कांद्यासारखं गुळगुळीत होतं. दर दिवाळीला थोडं थोडं सोललं गेलेलं. तेव्हा मला कळलं की सर कबूल करणारच नाहीत. माझ्या बशीतलं कबूल केलं की कपाटातलंही कबूल करावं लागलं असतं.

नवीन माती आणायला गंधवानीला जाऊ दे म्हटलं तर जीप नाही, आणि एकट्या मुलीला तिकडे पाठवायची जबाबदारी विभाग घेणार नाही. परीक्षक आले. बिचारे भले गृहस्थ होते. त्यांनी एकेक बशी भिंगाखाली धरली, नीट बघितली आणि म्हणाले, "इसमें तो कुछ नहीं है, बेटा."

सर शेजारी उभे होते. "मैंने तो पहले ही कहा था. थर निर्जीव आहे," असं ते अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत म्हणाले. भूगर्भशास्त्रात तो रीतसर शब्द आहे. ज्या थरात जीवाश्म सापडत नाहीत तो निर्जीव. परीक्षकांनी माझी चित्रं उलटून पाहिली आणि चित्रकला छान आहे म्हणाले. मी काठावर पास झाले. संस्थेला दाखवायला माझ्याकडे स्वच्छ धुतलेल्या बश्या होत्या.

इथवर मी फक्त रडत होते. रडणं आणि सूड यांत फरक आहे, आणि तो मला दिवाळीच्या आधी कळला.

मावशीच्या घरी वसुबारसेच्या आदल्या दिवशी देव उजळायचे असत. पितळी देव, समई, पळी-पंचपात्र, ताम्हन, सगळी उपकरणी चिंचेच्या पाण्यात बुडवून घासायची. घरातल्या सगळ्या बायका त्याला बसत. फक्त शंख बाजूला पाटावर ठेवायचा. तो साध्या पाण्यानं धुवायचा, चिंच त्याला लागू द्यायची नाही, ही त्या घराची रीत. त्या वर्षी सरांची सून घरात नवीन होती. ती इंदूरची, फ्लॅटमध्ये वाढलेली. तिनं देवघरातलं सगळं एकदम उचललं आणि शंखासकट चिंचेच्या घमेल्यात टाकलं. बाकीच्या चहाला उठल्या होत्या. कोणाच्या लक्षात येईतो शंखाची झिलई गेली होती. हात फिरवला की खडूसारखा लागत होता.

सर ओसरीवरून आत आले. मी चिवड्याची परात घेऊन दारात उभी होते. त्यांनी शंख हातात घेतला आणि त्या मुलीवर असे बरसले की मावशीनं पदर तोंडाला लावला.

"एवढं शिकलीस, एवढं कळत नाही? शंख म्हणजे काय असतो? चुना असतो चुना. आंबट लागलं की चुना संपला. बुडबुडे येतात ते काय गंमत म्हणून येतात? तो शंख खाल्ला जात असतो. पिढ्यानपिढ्यांचा शंख तासाभरात घालवलास."

सूनबाई खाली मान घालून रडत होती. सर तिला अजून समजावून सांगत होते, फार व्यवस्थित, वर्गात सांगावं तसं. पातळ शंख आधी जातो, जाड मागून जातो. एकदा गेलेली झिलई परत येत नाही. सगळं बरोबर होतं. त्यातला एक शब्द चुकीचा नव्हता.

माझी परात हातातच राहिली. म्हणजे या माणसाला ठाऊक होतं. अज्ञान असतं तर मी एक वेळ सोडून दिलं असतं, अज्ञानी माणसांची मला कीव येते. पण यांना ठाऊक होतं आणि तरी हे परीक्षकांसमोर निर्जीव म्हणाले. मी परात खाली ठेवली, आत गेले आणि पिशवी भरली. मावशी मागे आली. "अगं, दिवाळी तोंडावर. कुठं निघालीस?" मी म्हटलं, देवासला. तिनं पुढे विचारलं नाही. तिला काय कळलं आणि काय नाही हे मी कधी विचारलं नाही.

सोनकच्छचं स्थळ तोवर स्वतःच दुसरीकडे ठरून गेलं होतं, हे एक बरं झालं. बाबांनी एकदाच विचारलं, काय झालं म्हणून. मी म्हटलं, जागा गेली. ते म्हणाले, "दुसरी येईल." मग मी देवासच्या एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. मुलांना हिंदीतून अम्ल आणि क्षार शिकवताना माझा हात असा चालायचा की फळ्यावर खडू मोडायचा. संध्याकाळी अभ्यास. दोन वेळा प्रवेश परीक्षा दिली, दुसऱ्यांदा लागले. त्याच समुद्रकाठच्या संस्थेत, पण उशिरा आणि खालच्या पायरीवरून.

तिथं मी पहिल्यांदा खोल समुद्राचा गाळ पाहिला. जहाजावरून समुद्राच्या तळात लांब नळी खुपसतात आणि गाळाचा दांडा जसाच्या तसा वर काढतात. तो उभा चिरून दोन अर्धकं केली की आत थर दिसतात, वरचा नवा, खालचा जुना. चांगला गाळ श्रीखंडासारखा असतो, पांढरट आणि मऊ, कारण तो बहुतेक शंखांचाच असतो. वरच्या पाण्यात जगून मेलेल्या फोरॅमचा बारीक पाऊस सतत तळावर पडत असतो आणि तोच साठत जातो. त्या दिवशी माझ्यापुढे जो दांडा होता त्यात पांढरं पांढरं चाललेलं एकदम तुटलं. सुरीनं कापल्यासारखी रेघ, आणि वर विटकरी चिखल. वीतभर विटकरी, मग हळूहळू फिकट होत होत पुन्हा पांढरं.

विटकरी चिखल पाहिल्याबरोबर मी खुर्ची ओढून बसले. मला माझ्या बश्या आठवल्या. रंग तोच होता.

आमच्या प्रमुख बाईंनी समजावलं. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी, भूगर्भाच्या घड्याळात बघता बघता, हवेत प्रचंड कार्बन आला. पृथ्वी तापली. समुद्रानं त्यातला बराचसा कार्बन पिऊन टाकला आणि समुद्र आंबट झाला. मग शंख तळाला पोचले की विरघळायला लागले. शंख गेले, उरली नुसती चिकणमाती. पाणी तापलं होतं हे कशावरून? रेघेच्या वरखाली जे शंख टिकलेत त्यांच्यातच जड आणि हलका ऑक्सिजन किती हे मोजता येतं, त्यावरून पाण्याचं तापमान निघतं. आणि आंबट झालं होतं हे कशावरून? मी विचारलं. बाई म्हणाल्या, "नाहीयेत ना शंख, त्यावरून."

"पण शंख विरघळले की मुळात नव्हतेच, हे कसं ठरवायचं?"

त्यांनी मला भिंगाखाली बघायला लावलं. रेघेजवळ अर्धे खाल्लेले शंख होते. पातळ भिंतीचे आधी गेलेले, जाड भिंतीचे मागे राहिलेले, भोकं पडलेली, कडा झिजलेल्या. आंबट पाण्यानं आधीच पडलेले, पुरले गेलेले शंखसुद्धा खाल्ले होते, म्हणून रेघ एवढी धारदार होती. बाई म्हणाल्या, जो विरघळवतो त्याला वाटतं काही उरलं नाही, पण उरलेल्यावरून त्याचं काम ओळखता येतं. मी घरी जाऊन हे वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं. मला ते फार गोड लागलं.

पुढची वर्षं मी त्या विटकरी थरावरच घालवली. लोक मला विचारत, जिथं काही नाही तिथं तू काय बघतेस? मी म्हणायची, तेच बघते. आता कारखान्यांच्या आणि गाड्यांच्या धुरानं समुद्र पुन्हा आंबट होतोय, आणि त्या वेळेपेक्षा जास्त वेगानं होतोय, हेही मी भाषणांतून सांगत असते. देवासच्या दोन चिमण्यांखाली वाढलेल्या बाईला हे सांगण्याचा हक्क आहे असं मला वाटतं.

बाबा निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. सामान बांधताना शिवणयंत्राच्या पेटीखाली आईला एक परकराची पिशवी सापडली, उसवलेली ती उसवलेलीच. आई ओशाळून म्हणाली, "शिवायचीच राहिली बघ." मी पिशवी उघडली. आत मधल्या थराची पांढरी माती होती, कोणीही न धुतलेली. मी आईला मिठी मारली. ती म्हणाली, "मातीसाठी?" मी म्हटलं, हो.

आणि त्याच वर्षी धारहून आमंत्रण आलं. सरांचा अमृतमहोत्सव. मराठी मंडळाच्या सभागृहात सत्कार, आणि प्रमुख वक्ता म्हणून सरांनी घडवलेली विद्यार्थिनी, म्हणजे मी. मावशीनं फोनवर सांगितलं, "भावजी सगळ्यांना सांगत असतात, मी तिला समुद्र दाखवला." माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण आवाज गोड ठेवून मी म्हटलं, येते.

तयारी मी देवासला केली, आईच्या स्वयंपाकघरात. माती भिजवली, चाळली, गच्चीवर वाळवली. ज्या शाळेत शिकवायची तिथल्या बाईंनी सूक्ष्मदर्शक दिला. मी डोळा लावला. सगळे होते. चकलीसारखे, घोसासारखे, मी पेन्सिलीनं काढलेले. मी दोन काचेच्या बश्यांत सारखे सारखे शंख घातले. मग कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.

"भिया, बाथरूमवाला तेजाब है?"

"है नी, बेनजी. फर्शी धोना है?"

"दाग है. पुराना है."

"तो कडक वाला लो," तो म्हणाला आणि बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

सभागृह भरलेलं होतं. धारची सगळी मराठी घरं, पहिल्या रांगेत मावशी आणि तिच्या शेजारी सरांची सून, आता केस पिकायला लागलेली. सर व्यासपीठावर, अंगावर शाल, मांडीवर नारळ. म्हातारे झाले होते पण आवाज तोच. मला बघून म्हणाले, "ये, बाळ." मी वाकून नमस्कार केला. नमस्कारात मी कधी कमी पडत नाही.

मी गाळाच्या दांड्याचं चित्र पडद्यावर दाखवलं. पांढरं, रेघ, विटकरी. तापलेला समुद्र, आंबट समुद्र, विरघळलेले शंख, सगळं सोपं करून सांगितलं. मागच्या रांगेतल्या एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, "म्हणजे शंख चिंचेत टाकल्यासारखं." मी म्हटलं, अगदी तसंच, आजी. पहिल्या रांगेत सूनबाईनं मान वर केली.

"आता एक प्रयोग," मी म्हटलं. "ही माती गंधवानीच्या पुढची आहे. याच थरावर माझा प्रबंध होता आणि याच गावात तो थर निर्जीव ठरला होता. दोन्ही बश्यांत एकाच पिशवीतलं आहे. यातली एक सरांनी धुवायची. सर, पूर्वीसारखं तुमच्याच हातानं."

चुनखडी ओळखायला तेजाबाचा थेंब टाकतात, ते वर्गात सगळेच करतात. सरांना वाटलं त्यातलंच काही. हसत हसत त्यांनी बाटली घेतली आणि बशीत ओतलं. फेस आला. टाळ्या पडल्या. फेस बसला. वास पसरला आणि तो वास सरांच्या नाकात शिरताना मी त्यांच्याकडे बघत होते. हसू चेहऱ्यावर होतं, पण त्याच्या मागे कोणी उरलं नव्हतं.

"काय दिसतं, सर?"

त्यांनी बशीवर वाकून पाहिलं. "माती," ते म्हणाले.

"आता दुसरी बशी बघा. ही पाण्यानं धुतली आहे. दुसरं कशानं धुणार?"

त्यांनी मी पुढे सरकवलेल्या भिंगाला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. सभागृहात कुजबुज सुरू झाली, कारण धारमध्ये माझा प्रबंध कोणाकडे होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या रांगेतून सूनबाई स्वच्छ आवाजात म्हणाली, "बाबा, शंखाचं तर तुम्ही मलाच शिकवलं होतं." मावशीनं तिचा हात दाबला, पण गप्प बस म्हणून नव्हे.

सर हळूच म्हणाले, "आहेत."

"होतेच, सर," मी म्हटलं.

ते शब्द ऐकायला मी इतकी वर्षं घालवली होती आणि मला वाटलं होतं की ऐकल्यावर काहीतरी उतरेल. काही उतरलं नाही. उलट आणखी हवंसं झालं. त्यांनी माफी मागितली असती तर काय झालं असतं कोण जाणे. त्यांनी ती मागितली नाही. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "ही बशी मला देशील? ठेवायला?"

शंखांची बशी मी झाकण लावून माझ्या पर्समध्ये ठेवली. तेजाबाची बशी उचलली आणि त्यांच्या हातांत दिली.

"ही तुमची, सर."

मग आभारप्रदर्शन सुरू झालं. मंडळाचे चिटणीस लांबलचक बोलतात, हे धारमध्ये सगळ्यांना माहीत आहे. सर दोन्ही हातांनी बशी सरळ धरून बसले होते. हलवली असती तर नव्या शालीवर सांडलं असतं, आणि ती घ्यायला व्यासपीठावर कोणी पुढे झालं नाही. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून चिटणिसांच्या प्रत्येक वाक्याला टाळ्या वाजवत होते.